मागचं झाकण उघडत नाही, कारण ते नाहीच

पत्र :
«माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं चांदीचं मनगटी घड्याळ सापडलं. पणजोबा ११०व्या मराठा पलटणीत होते. घरात सांगतात की पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या वेढ्यात होते आणि हेच घड्याळ तेव्हा हातात होतं. घड्याळ काळं पडलंय. काचेभोवतीच्या कडीला बारीक कंगोरे आहेत, मागची बाजू गुळगुळीत, कुठेही फट नाही. गावातल्या घड्याळजीने पातं घालून मागचं झाकण उचकटून पाहिलं. ओरखडा पडला, झाकण हललं नाही. तो म्हणतो जाम झालंय, कापावं लागेल. काकांना ऑगस्टमध्ये घराण्याच्या मेळाव्याला हे घड्याळ पॉलिश करून, नवी डायल टाकून घालायचंय. त्यात मी फोटो टाकल्यावर एका संग्राहकाचा निरोप आला. त्याच्याकडे ‘पहिल्या महायुद्धातलं, बाणाचा शिक्का असलेलं, वॉटरप्रूफ रोलेक्स ऑयस्टर’ आहे म्हणे. आमचं घड्याळ आणि वर चाळीस हजार दिले तर अदलाबदल करायला तयार आहे. बादलीत बुडवून चालणाऱ्या घड्याळाचा व्हिडिओही पाठवलाय. काय करू? आणि खरं सांगायचं तर मलाही आता या घड्याळांचा नाद लागतोय.
— एक वाचक, सातारा जिल्हा»

उत्तर :

सगळ्यात आधी ते घड्याळ त्या घड्याळजीकडून घरी आणा. आजच. भांडू नका, त्याची नियत वाईट नाही. त्याने आयुष्यभर मागून उघडणारी घड्याळं पाहिली, म्हणून याचंही झाकण मागेच शोधलं. तुमच्या घड्याळाला मागे झाकणच नाही. कापायला घेतलं असतं तर शंभर वर्षांहून जुनी अख्खी केस कापली गेली असती.

तुमचे फोटो आणि वर्णन बघता ही बोर्गेल पद्धतीची केस दिसते. जिनिव्हात फ्रान्स्वा बोर्गेल नावाचा केस बनवणारा कारागीर होता. त्याने १८९१ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. कल्पना अशी : केस म्हणजे चांदीची एकसंध वाटी, तिला मागून तोंडच नाही. मशीन आणि डायल एका कड्यात बसवायचं, त्या कड्याला बाहेरून बारीक आटे पाडायचे आणि ते समोरच्या बाजूने वाटीत फिरवून घट्ट करायचं. म्हणजे हे घड्याळ बरणीच्या झाकणासारखं पुढून फिरवून उघडतं. काचेच्या कडीवरचे कंगोरे शोभेसाठी नाहीत, बोटांना पकड मिळावी म्हणून आहेत. हे लक्षात ठेवा, पॉलिशच्या वेळी परत लागणार आहे. बोर्गेल १९१२ मध्ये वारला, त्याच्या मुलीने, लुइझाने, कारखाना चालवला आणि १९२४ मध्ये तो टोबेर कुटुंबाकडे गेला. म्हणजे महायुद्धाच्या सगळ्या काळातल्या बोर्गेल केस एका बाईच्या कारखान्यातून निघालेल्या आहेत. संग्राहक लोक हे फारसं बोलत नाहीत.

आता उघडायचं कसं. इथे एक खोच आहे. चावी केसमधून आत मशीनपर्यंत गेलेली असते. ती तशीच ठेवून कडी फिरवली तर चावीचा दांडा आतून मोडतो. म्हणून आधी चावी बाहेर ओढून काटे फिरवण्याच्या जागी आणायची, म्हणजे तिचं आतलं टोक मशीनमधून सुटतं. मग केस एका हातात धरून कडी डावीकडे फिरवायची. काच, डायल, मशीन सगळं एकत्र वर येतं. हे तुम्ही स्वतः करू नका. इतक्या वर्षांत आटे चिकटलेले असणार, आणि चांदी मऊ असते. पक्कड लावली की कंगोरे गेलेच. स्प्रेचं तेल मारलं तर ते आत उडून डायलवर डाग पडतो. जाणकार माणूस टाचणीच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन आट्यांच्या फटीला लावतो, थांबतो, दुसऱ्या दिवशी रबराच्या पकडीने पुन्हा बघतो. पुण्या-मुंबईतल्या कुणाकडेही न्या, पण घड्याळ हातात देण्याआधी एकच प्रश्न विचारा : मागून उघडाल की पुढून? ‘मागून’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

उघडण्याआधीची दुसरी काळजी जास्त महत्त्वाची. डायलवरच्या आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी, जाडसर, कुठे तडकलेला लेप असेल तर ते रेडियम समजा. रिक्षाच्या मागे चिकटवतात त्या रेडियमशी याचा काही संबंध नाही, हे खरंखुरं रेडियम आहे. ‘आता अंधारात चमकत नाही, म्हणजे संपलं,’ असं लोक म्हणतात. ते चूक आहे. चमकायचं काम लेपातलं झिंक सल्फाइड करायचं, ते काही वर्षांत निकामी झालं. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं आहे, त्यामुळे शंभर वर्षांत त्याला जेमतेम सुरुवात झालीय. काच बंद असताना घाबरून जाण्यासारखं काही नाही. धोका आहे तो लेपाची भुकटी नाकातोंडात जाण्याचा. म्हणून देवघरात किंवा उशीपाशी ठेवू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि डायल खरवडायला तर कुणालाही सांगू नका. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात १९१७ पासून मुली असेच आकडे रंगवायच्या. टोक बारीक राहावं म्हणून ब्रश ओठांत धरायच्या. त्यांच्या जबड्यांचं आणि हाडांचं काय झालं ते जगजाहीर आहे. काकांना ‘नवी डायल’ हवी असेल तर जुना लेप कुणीतरी खरवडणार. तो कारागीर पंख्याखाली, मास्कशिवाय बसलेला असणार. निदान त्याच्यासाठी तरी नको.

डायलबद्दल आणखी एक गोष्ट, जी आपल्याला ऐकायला जड जाते. जुन्या घड्याळांवर नवी, भडक डायल छापून ती ‘मिलिटरी’ म्हणून विकण्याचा उद्योग आपल्याकडे इतका चालला की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एचएमटीचं जवान हे साधं, सैन्याशी नाव जोडलेलं घड्याळ. त्याच्या बनावट डायल इतक्या फिरतात की खरं जवान दाखवलं तरी समोरचा आधी संशय घेतो. पणजोबांच्या घड्याळाला त्या रांगेत बसवायचं का, हे काकांना विचारा. डाग पडलेली, काटे गंजलेली मूळ डायल खऱ्या जाणकाराला चकचकीत नव्या डायलपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, आणि यात मी पूर्णपणे त्या जाणकाराच्या बाजूने आहे.

पॉलिशचंही तेच. चांदीवरचा काळेपणा हा हवेतल्या गंधकामुळे आलेला थर आहे. बफिंगच्या चाकावर धरलं की तो थर जातो आणि सोबत चांदीही जाते. सगळ्यात आधी उंचवटे झिजतात, म्हणजे नेमके ते कंगोरे. ते गुळगुळीत झाले की घड्याळ पुढच्या वेळी उघडायचं कसं? मग पुन्हा कुणीतरी पातं घेऊन मागे लागणार. मऊ सुती कापडाने पुसा, तेवढं पुरे. घड्याळजीचा तो ओरखडासुद्धा राहू द्या. तो घालवायला गेलात तर मागची चांदी पातळ होईल.

आता कुतकडे वळू. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, आणि तुम्हाला कदाचित थोडं वाईट वाटेल.

मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कुतला वेढा घातला आणि जनरल टाउनशेंडने २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करली. आतले सैनिक कैदी झाले. उपासमारीने खंगलेल्या त्या माणसांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येक वाटेत आणि छावण्यांत गेले. अंगावरच्या किमती वस्तू अशा प्रवासात फार टिकत नाहीत. चांदीचं घड्याळ टिकलं असेल तर तो मोठाच योग म्हणायचा. शिवाय तेव्हा मनगटी घड्याळ ही बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू होती. शिपायाला सरकार ती देत नसे. शिपायाच्या हाती ती येण्याचे रस्ते वेगळे : एखाद्या साहेबाची भेट, बाजारातली खरेदी, किंवा युद्धानंतर मुंबईत घेतलेलं जुनं घड्याळ. यातला कुठलाही रस्ता कमीपणाचा नाही.

याचा निकाल केसच लावू शकते. १९०७ पासून ब्रिटनमध्ये आयात होणाऱ्या सोन्याचांदीच्या घड्याळांच्या केसवर तिथल्या धातूची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीचा शिक्का सक्तीचा झाला. म्हणून घड्याळ उघडलं की वाटीच्या आत तळाला बघा : ‘एफ बी’ ही अक्षरं आणि किल्लीचं चित्र असेल तर बोर्गेल पक्का. त्याशेजारी चांदीची शुद्धता सांगणारा .९२५ हा आकडा, कचेरीचं चिन्ह आणि एक सुटं अक्षर दिसेल. ते सुटं अक्षर म्हणजे वर्ष. शिक्का लंडनचा असेल तर ‘यू’ म्हणजे १९१५-१६ आणि ‘ए’ म्हणजे १९१६-१७. लंडनमध्ये नवं अक्षर मे महिन्यात सुरू होई. म्हणजे ‘ए’ निघालं तर ज्या दिवशी कुत पडलं त्या दिवशी या केसवर शिक्कासुद्धा बसलेला नव्हता. ग्लासगोची अक्षरं वेगळ्या क्रमाने चालतात, म्हणून आधी कचेरीचं चिन्ह ओळखा, मग अक्षर वाचा. घड्याळ थेट हिंदुस्थानात आलेलं असेल तर ब्रिटिश शिक्के मुळीच नसतील. वेस्ट एंड वॉच कंपनीसारखे स्विस व्यापारी मुंबईतून फौजी माणसांना घड्याळं विकतच होते.

घरातली कथा खोटी पडेल म्हणून हे टाळू नका. कुतनंतर ११०वी पलटण नव्याने उभी केली गेली. पणजोबा त्या नव्या भरतीतले असतील, बगदादच्या बाजूला गेले असतील आणि सांगणाऱ्यांनी पुढे सगळं कुतवर नेऊन ठेवलं असेल. पणजोबांचा पुरावा घड्याळात शोधण्यापेक्षा त्याच ट्रंकेत मेडल शोधा. त्या युद्धाच्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ चा तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल, मिळाला, तर माणूस १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोचला होता हे नक्की. नाव नसलेलं घड्याळ एवढं कधीच सांगू शकत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, नंबर सापडला की तिथेही पत्र घालता येईल. आणि गावात चावडीपाशी ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले’ अशी शिळा असेल तर तिचाही फोटो काढून ठेवा.

संग्राहकाच्या प्रस्तावावर फार वेळ घालवायला नको. रोलेक्सचं ऑयस्टर १९२६ मध्ये आलं. युद्ध १९१८ ला संपलं. ‘पहिल्या महायुद्धातलं ऑयस्टर’ अशी वस्तूच नाही. बाणाचा शिक्का ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, पण तो मारायला एक पंच आणि हातोडी लागते. त्या युद्धातल्या बहुतेक मनगटी घड्याळांवर बाण नसतोच, कारण ती सरकारी मालमत्ता नव्हती. म्हणून तुमच्या घड्याळावर बाण नाही याची खंत नको, आणि त्याच्या घड्याळावर आहे याचं कौतुक नको.

बादलीचा व्हिडिओ मात्र मला रोचक वाटला, कारण त्यातून ‘वॉटरप्रूफ’ या दाव्याबद्दल बोलता येतं. पाणी घड्याळात तीन वाटांनी शिरतं : काचेच्या कडेने, मागच्या झाकणातून आणि चावीच्या भोकातून. बोर्गेलने मागची वाट उडवूनच टाकली आणि पुढची आट्यांनी अडवली. चावीची वाट त्याला नीट बंद करता आली नाही. तिथे धातूवर धातू घट्ट बसवलेला, मऊ वॉशर नाही. म्हणून खंदकातली धूळ आणि ओल या केसमध्ये अडायची, पण ती पाण्यात बुडवायची नव्हती. चावीशी झुंज पुढे चालूच राहिली. १९१७ मध्ये एडिनबरोच्या ब्रूक अँड सन या दुकानाने ताव्हान कंपनीचं ‘सबमरीन’ घड्याळ विकायला काढलं. पाणबुडीवरच्या अधिकाऱ्यांच्या मागणीवरून ते बनलेलं होतं, मागे-पुढे दोन्हीकडे आटे आणि चावीच्या दांड्याभोवतीही पाणी अडवणारं सील. न्यूयॉर्कच्या डेपोलिएर यांनीही युद्धाच्या शेवटी वॉल्थम कंपनीच्या मशीनसाठी पाणी रोखणारी केस काढली. काहींनी तर हात टेकून अख्खं घड्याळच दुसऱ्या केसमध्ये कोंडलं. मग रोज चावी द्यायला बाहेरची केस उघडा, बंद करा, आटे झिजवा. पेर्गो आणि पेरे या दोघांनी चावीच आट्यांनी केसवर घट्ट बसवण्याची युक्ती काढली, ते पेटंट रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने विकत घेतलं, आणि त्यातून ऑयस्टर झालं. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही पोहणारी बाई ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीच्या गारठ्यात दहा तासांहून जास्त राहिली. तिला त्या दिवशी खाडी पार करता आली नाही, घड्याळ मात्र चालू राहिलं, आणि विल्सडॉर्फने पानभर जाहिरात केली.

पण ऑयस्टरचीही चावी घालणारा फिरवून बसवायला विसरला तर पाणी आत. आणि आज, शंभर वर्षांनी, झिजलेल्या आट्यांवर भरवसा ठेवून कुठलंही असं घड्याळ पाण्यात घालणारा माणूस एक तर अडाणी असतो, किंवा ते घड्याळ आतून सगळं नवं असतं. तुमचा संग्राहक यातला कोण, हे शोधत बसू नका. ‘विकायचं नाही’ एवढंच कळवा. कारण देऊ नका, कारण दिलं की तो त्यावर बोलत राहील.

हाच न्याय काकांना. ऑगस्टमध्ये साताऱ्यात हवा कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. नुसत्या दमटपणाने आतलं पोलाद गंजतं. मेळाव्याच्या दिवशी घड्याळ पणजोबांच्या फोटोपाशी, काचेच्या छोट्या पेटीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. काकांना हातात घालायचंच असेल तर घरात, पाच मिनिटं, फोटोपुरतं. नवा पट्टा त्यांच्या पसंतीचा आणा, मोठ्या माणसाचा तेवढा मान राहिला पाहिजे. मात्र या घड्याळाच्या पट्ट्याच्या तारा केसला झाळलेल्या असतात, त्या निघत नाहीत. मोची म्हणेल तार कापून पिन टाकू. नाही म्हणायचं. तारेखालून ओवता येणारा एकसंध पट्टा मिळतो, किंवा तारेवर दुमडून शिवता येतो. खर्च दोन-चारशेचा.

राहिला तुमचा नाद. तो सोडा असं मी म्हणणार नाही, पण डायल बघून घड्याळ घ्यायची सवय लागायच्या आत केस वाचायला शिका. आतल्या शिक्क्यांचा फोटो पाठवत नाही त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. बंद पडलेलं मशीन चालतं, ते दुरुस्त होतं. लाँजिन किंवा आयडब्ल्यूसीचं मशीन असलेलं बोर्गेल मिळालं आणि कंगोरे शाबूत असले तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. चावी बदललेली असेल तर भाव पाडून मागा, केस कापून मागून झाकण बसवलेलं असेल तर उठून या.

पोलादी केस आवडत असेल तर दुसऱ्या महायुद्धाकडे या. ब्रिटिश सैन्याने तेव्हा स्वतःचं मापच ठरवून दिलं. पाणी न शिरणारं मनगटी घड्याळ, काळी डायल, पाठीवर बाण आणि ‘डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.’ ही अक्षरं. बारा स्विस कंपन्यांनी ती बनवली आणि बहुतेक १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपता संपता, पोचली. ज्या चावीने बोर्गेलला दमवलं तिचा बंदोबस्त तोवर रोजच्या कारखान्याचं काम झालं होतं. या बारा कंपन्यांपैकी सीमा किंवा रेकॉर्ड या कंपनीचं घड्याळ माणसाच्या खिशाला झेपतं, तिथून सुरुवात करा. इथेही रेडियमची काळजी तीच. बाराच्या बारा जमवायची हौस मात्र धरू नका. अकरा जमतात, बाराव्यासाठी, म्हणजे ग्राना कंपनीच्या घड्याळासाठी, लोक शेतं विकायला काढतात. ग्राना सोडून द्या.